अन्नावाचून गोडवा

एप्रिल-मे महिन्यांत बोईसर स्थानकाबाहेर थोडा वेळ उभे राहिले की एक दृश्य हमखास नजरेस पडते. जव्हार-विक्रमगडाकडून मजुरीसाठी आलेली एखादी आई भर उन्हात एसटीची वाट पाहत असते. कडेवरचे मूल रडू लागते. ती पदराची गाठ सोडून नाणी काढते आणि मुलाच्या हाती लाल-पिवळी बर्फाची कांडी देते. मूल शांत होते. एवढ्या साध्या व्यवहारात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे वाचकांस वाटेल. आम्हांलाही तो अनेक वर्षे दिसला नव्हता.

त्या कांडीतील गोडी साखरेची आहे की सॅकरीनची, हे जाणण्याचे साधन त्या आईजवळ नाही. बहुधा विकणाऱ्याजवळही नाही. साखर महाग. सॅकरीन साखरेहून किमान ३०० पट गोड, म्हणजे जेथे साखरेचे पोते लागावे तेथे ओंजळभर भुकटीत भागते. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेथील बर्फाच्या गोळ्यांत कायद्याच्या मर्यादेपलीकडे सॅकरीन आढळले होते. आपल्याकडे चित्र निराळे असेल अशी आशा करावी. पण खात्री कोणी द्यावी?

मग सॅकरीन हे विष आहे काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर तसे सिद्ध झालेले नाही. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला त्याचा शोध लागला. जेवणापूर्वी हात नीट न धुतल्यामुळे त्याला पाव गोड लागला, अशी कथा सांगतात. (तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी ही कथा अनुकरणीय मानू नये!) पुढे १९७७ साली उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याच्या कॅनडातील प्रयोगावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सॅकरीनवर बंदी घालण्याचे ठरविले. तेव्हा उद्योगांनी तर गदारोळ केलाच, पण मधुमेही रुग्णही संतापले. अखेर तेथील संसदेने बंदी थोपवून पाकिटावर केवळ इशारा छापण्याची सक्ती केली. उंदराच्या शरीरात जे घडते ते माणसाच्या शरीरात तसे घडत नाही, हे नंतरच्या संशोधनातून दिसून आले आणि २००० साली तो इशाराही गेला. व्यापाराने विज्ञानाला नमविले, असे या कहाणीचे तात्पर्य काही जण काढतात. आम्हांस ते पटत नाही. त्या वेळी बंदी मागणारेही प्रामाणिक होते.

असाच गोंधळ जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमविषयी झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या गोडक पदार्थाला ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात घातले. त्याच वेळी अन्नातील मिश्रद्रव्यांचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. वृत्तपत्रे वाचणारा माणूस गांगरून गेला. वस्तुतः येथे प्रश्नच दोन होते. साप विषारी जातीचा आहे काय, हा एक. तो आपल्या घरात आहे काय आणि केवढा, हा दुसरा.

सॅकरीनसाठी ही मर्यादा दर किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. पंधरा किलोच्या मुलाला ७५ मिलिग्रॅम. शीतपेयांत लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत सॅकरीन घालण्यास आपल्या नियमांनी मुभा दिली आहे, म्हणजे असे पाऊण लिटर पेय पोटात गेले की मुलाची दिवसाची मर्यादा संपली. हिशेब चोख आहे. परंतु तो मापून घालणाऱ्यासाठी आहे, अंदाजाने भुकटी ढवळणाऱ्यासाठी नाही. शिवाय मर्यादा वजनाला बांधलेली असल्यामुळे मूल जितके रोड, तितकी त्याची मर्यादा लहान. त्याच वयाचे कुपोषित मूल बारा किलोचे भरले तर त्याचा वाटा ६० वर येतो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी कृत्रिम गोडकाच्या पाकिटावर ‘मुलांसाठी शिफारस नाही’ असे छापावयास लावले, हे योग्यच झाले. पण कांडीला वेष्टन असलेच तर ते कोरे असते, आणि छापलेले असते तरी ते त्या आईने वाचले असते काय? वाचणारा, निवडणारा आणि परवडणारा ग्राहक कायद्याने गृहीत धरला आहे. तो ग्राहक म्हणजे आपण; ती नव्हे.

तरीही कर्करोगाची चर्चा आम्हांस येथे दुय्यम वाटते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राची मान खाली गेली होती. आज तो तालुका आणि तारापूरची औद्योगिक वसाहत एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. जो पदार्थ अति खाणाऱ्यांसाठी आणि साखर वर्ज्य असणाऱ्यांसाठी उपयोगात आला, तोच पुरेसे न खाणाऱ्यांच्या मुलांपर्यंत स्वस्ताईच्या वाटेने पोहोचतो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी गोडी आणि अन्न यांची फारकत झालेली नव्हती. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेल्या वसईच्या सुकेळीत, ताडगोळ्यात, भल्या पहाटेच्या नीऱ्यात जिभेला गोडी होती आणि पोटालाही काही मिळत होते. सॅकरीनच्या कांडीत शून्य उष्मांक. भुकेल्या शरीराला अन्न आल्याची वर्दी मिळते आणि अन्न येत नाही. ही फसवणूक कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालात अपाय म्हणून नोंदली जात नाही.

आपल्या घरातील मधुमेही आजोबांच्या चहात पडणारी बारीकशी गोळी आम्ही पाप ठरवीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडक वापरू नयेत असा सल्ला दिला, तेव्हा आधीपासून मधुमेह असलेल्यांना त्यातून वगळलेच होते. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तींना वाहिलेल्या मांसाविषयी विवेचन आहे. खाणाऱ्याला त्या मांसाने काही बाधत नाही, हे तो मान्य करतो. पण एवढ्यावर प्रश्न मिटला असे मानीत नाही, कारण शेजारी दुर्बळ बंधू बसलेला आहे. आपण मात्र ‘मला बाधते का?’ एवढेच विचारतो आणि पाकीट उलटून पाहतो.

राज्यकर्तेही याहून निराळे वागत नाहीत. २००३ साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने नामांकित शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचे जाहीर करताच संसदेची संयुक्त समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचे श्री. शरद पवार होते. फेब्रुवारी २००४ च्या अहवालात समितीने ते निष्कर्ष ग्राह्य धरले. चांगलेच झाले, पण ती बाटली खासदारांच्याही मेजावर होती. कांडीसाठी संसद बसत नाही.

तारापूरच्या किनाऱ्यावर हेच अधिक ठळकपणे दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. परवाने प्रत्येक कारखान्याला स्वतंत्र मिळतात. खाडीत मात्र सारे एकत्र येते, आणि मांगेला मच्छीमारांना न्यायासाठी हरित लवादाचे दार ठोठवावे लागते. शरीराचेही तसेच आहे. रंगाची मर्यादा वेगळी, गोडकाची वेगळी, पोट एकच. धोक्याची रास्त चिन्हे असताना निर्विवाद पुराव्याअभावी स्वस्थ बसू नये आणि पुराव्याचा भार धोका निर्माण करणाऱ्यावर असावा, असा विचार पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात मांडला, तो आम्हांस या किनाऱ्यावर उभे राहून अधिक समजतो.

इतके लिहून झाल्यावर आमचीही एक गोष्ट सांगणे भाग आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील बालशिबिरासाठी आम्ही सरबताचा स्वस्त अर्क आणला. पाड्यांवरची मुलेही आली होती; त्यांनी तीन-तीन पेले मागून घेतले आणि आम्हांला धन्यता वाटली. रिकाम्या बाटल्या गोळा करताना एका स्वयंसेविकेने त्यांवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचून दाखविली. मुलांसाठी शिफारस नाही, असे त्यांत होते. विक्रेत्याने काहीच लपविले नव्हते. पुढील वर्षी कोकम, लिंबू आणि गूळ आणावा, असे तेथेच ठरले. यंदाच्या अंदाजपत्रकात ती रक्कम धरलेली आहे. खर्च तिपटीहून अधिक होतो. तिच्यापुढे खजिनदारांनी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे, आणि बैठक येत्या रविवारी मिस्सानंतर आहे.