मार डोक्याला, बदल संघात

३१ जानेवारी २०२५ च्या रात्री गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडच्या जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. डावातला तो शेवटून दुसरा चेंडू. दुबे पुढचा चेंडूही खेळला, ५३ वर धावबाद झाला. डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसला, तर त्या खेळाडूच्या जागी त्याच्यासारखाच बदली खेळाडू घेता येतो, असा नियम आहे. त्याखाली क्षेत्ररक्षणाला मात्र दुबेच्या जागी हर्षित राणा उतरला. फलंदाजी सांभाळून मध्यमगती टाकणाऱ्याच्या जागी पक्का वेगवान गोलंदाज! राणाने ३३ धावांत तीन बळी घेतले, भारत १५ धावांनी जिंकला. इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर चिडला, आणि आपण जिंकलो म्हणून त्याचं चिडणं खोटं ठरत नाही. दुबेसारखाच अष्टपैलू रमणदीप सिंग संघात बसून होता. शिवाय बदली खेळाडूला गोलंदाजी करू न देण्याचा अधिकारही सामनाधिकाऱ्याला नियमाने दिलेला आहे.

पण म्हणून दुबेच्या डोक्याला लागलंच नव्हतं, असं म्हणणारे घसरतात. मेंदूला बसलेला हादरा हाड मोडल्यासारखा क्ष-किरणात दिसत नाही. गरगरणं, मळमळ, विसर पडणं कधी तासाभरानेही सुरू होतं. डॉक्टरला खेळाडूच्या सांगण्यावर बरंच विसंबावं लागतं. तिथेच संशय घेतला, तर पुढचा मुलगा दुखणं लपवेल.

आमच्या नगर जिल्ह्यात ते आधीच लपवलं जातं. श्रीरामपूरच्या झहीर खानचा आणि आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेचा हा जिल्हा; गावोगावच्या स्पर्धांत मुलं जीव तोडून खेळतात. डोक्यात चेंडू बसला की पाण्याचा हबका मारायचा, ‘काही नाही झालं’ म्हणायचं आणि पुन्हा उभं राहायचं. बाहेर गेलं तर संघ दहाचा होतो. या मुलांना खरं तर हा नियम हवा. तो १ ऑगस्ट २०१९ पासून आला, पण आंतरराष्ट्रीय सामन्यांत.

जखमी फलंदाजासाठी दुसऱ्याने धावण्याची, म्हणजे रनरची सोयही अशीच होती. तिचा गैरफायदा घेतला जातो म्हणून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून ती काढून टाकली. पाय लंगडला तर फार तर विकेट जाते, म्हणून तसं करणं परवडलं. डोक्याच्या बाबतीत ती वाट बंद आहे.

मग चाप लावायचा कुठे? येणाऱ्यावर आणि परतणाऱ्यावर. दुबे दोनच दिवसांनी वानखेडेवर खेळला. बटलरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला हाच वाटतो. डोकं एवढं दुखावलं होतं, तर इतकी घाई का? २०२५ च्या मध्यात आयसीसीने नियम बदलले: संभाव्य बदली खेळाडूंची नावं प्रकारवार सामन्याआधीच द्यायची, आणि ज्याला हादरा बसला त्याने किमान सात दिवस बाहेर राहायचं. पहिल्या अटीतून पळवाट निघेल. यादीत कोणाला कोणत्या रकान्यात बसवायचं, हे शेवटी संघच ठरवतो. दुसरी जास्त बोचेल. मालिका रंगात असताना चांगला फलंदाज आठवडाभर गमवायचा असेल, तर एका जादा गोलंदाजाचा मोह कर्णधाराला दोनदा तपासून पाहावा लागेल.