परसातील खार आणि वधाचा अधिकार

इंग्लंडात परसदारी येणारी करडी खार एअर रायफलने मारणे हे पुष्कळांस पाप वाटत नाही, वनरक्षण वाटते. त्यांचा युक्तिवाद अगदीच तुच्छ नव्हे. ही खार मूळची उत्तर अमेरिकेची. १८७६ साली चेशायर परगण्यात तिला सोडल्याची नोंद आहे, आणि तीही उद्यानाच्या शोभेसाठी! तिच्याकरवी पसरणारा देवीसदृश रोग तिला स्वतःला बाधत नाही. तेथील तांबड्या खारीचा मात्र प्राण घेतो. तेव्हा एकीच्या रक्षणार्थ दुसरीचा वध करावा काय, असा हा प्रश्न आहे.

आणणारा मनुष्य, आणि प्रायश्चित्त मात्र खारीच्या प्राणाने, हे विपरीत खरेच. शिवाय दक्षिण इंग्लंडच्या बहुतेक भागात तांबडी खार उरलेलीच नाही. तेथल्या परसात झाडलेल्या छर्‍याने कोणती तांबडी वाचते?

परंतु याहून मोठा दोष वधाच्या रीतीत आहे. खार टप्प्यात यावी म्हणून शेंगदाणे टांगावयाचे आणि खिडकीआडून नेम धरावयाचा. श्रीचक्रधरस्वामींच्या जानूखाली दडलेल्या सशाची लीळा साधकांस विदित आहेच. तो ससा भयाने आश्रयास आला होता. ही खार तर अन्न दाखवून बोलाविलेली. शत्रू म्हणून मारावयाचे, तर अतिथी म्हणून का बोलवावे?

तेथील कायदा रायफलीची शक्ती मोजतो; १२ फूट-पौंडांपर्यंत इंग्लंडात परवाना लागत नाही. मादी पडली, तर झाडावरच्या घरट्यात दूधपिती पिल्ले उपाशी मरतात. त्यांची मोजणी कोणी करीत नाही.