गरिबाच्या अंगावर बसलेला हात

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी डिसेक्शनच्या टेबलाशी उभा राहतो. त्या टेबलावरचा देह कुणाचा असतो? आता देहदान करणारी कुटुंबे वाढली आहेत, पण वर्षानुवर्षे तो बहुधा बेवारस माणसाचाच असे. महाराष्ट्रात 1949 पासून तसा कायदा आहे. ज्या मृतदेहावर कुणी नातेवाईक हक्क सांगत नाही, तो वैद्यकीय महाविद्यालयाला शिकवण्यासाठी देता येतो. फलाटावर किंवा सरकारी वॉर्डात एकटाच गेलेला माणूस डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्यांना शिरा आणि स्नायू शिकवून गेला आहे.

पुढे वॉर्डातही तेच. वाढलेले यकृत बोटांनी कसे ओळखायचे, हृदयातला मर्मर कसा ऐकायचा, पहिला टाका, पहिली सुई, पहिले बाळंतपण हे सगळे जनरल वॉर्डातल्या खाटेशी शिकले जाते. एकाच पोटावर दहा विद्यार्थ्यांचे हात एकापाठोपाठ फिरतात आणि पेशंट निमूट पडून राहतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो हे सहन करत नाही. डॉक्टरचा हात बसतो तो गरिबाच्या अंगावर.

म्हणूनच त्याच विद्यार्थ्याच्या तोंडी तिसऱ्या-चौथ्या वर्षी येणारी भाषा ऐकवत नाही. ‘या लोकांना काही कळतच नाही.’ ‘कितीही सांगा, गोळ्या बंद करणारच.’ ‘दारूला पैसे असतात, औषधाला नसतात.’ आजोबांच्या वयाच्या माणसाला ‘ए, शर्ट काढ’ म्हणून फर्मान सुटते. हीच मुले घरी आलेल्या पाहुण्याशी अहो-जाहोने बोलतात.

ही मुले मुळात वाईट असतात असे मला वाटत नाही. थोडा तिरस्कार घरूनही येतो हे मान्य केले पाहिजे. जिथे कामवाल्या मावशींचा कप वेगळा ठेवतात, त्या घरातला मुलगा अंगात एप्रन घातल्याने बदलत नाही. पण बराचसा तिरस्कार वॉर्डात शिकला जातो. फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची सहानुभूती दरवर्षी मोजली गेली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ती तिसऱ्या वर्षी ठळकपणे घसरलेली दिसली, म्हणजे पेशंटशी रोजचा संबंध येऊ लागतो नेमक्या त्या वर्षी. सगळ्याच अभ्यासांत अशी घसरण आढळलेली नाही. तरी आपल्या सरकारी रुग्णालयात चार दिवस काढलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. खाटा भरलेल्या, खाली जमिनीवर गाद्या, रात्रभर जागलेला रेसिडेंट डॉक्टर नातेवाइकांवर खेकसतो. खेकसल्यावर काम होते. शेजारी उभा असलेला विद्यार्थी हे टिपून घेतो. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे धडे आले. ते यायलाच हवे होते. परंतु त्या तासाला ऐकलेल्यापेक्षा राउंडवर सर पेशंटशी कसे बोलले हे मुलांच्या मनात अधिक राहते.

गोळ्या बंद करणाऱ्या बाईकडे जरा नीट बघू या. ती बीड जिल्ह्यातली आहे आणि तिला क्षय झाला आहे असे समजा. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर ती ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. मजुरीच्या हिशेबात दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल लग्नात नाहीतर जुन्या देण्यात आधीच संपलेली. एक दिवस फडावर गेले नाही तर खाडा धरतात, म्हणजे मजुरी बुडतेच आणि वर दंड कापला जातो. क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा, ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच. गोळ्या फुकट मिळतात हे खरे, पण त्या आणायला जायचे तर दिवस मोडतो. केसपेपरवर मात्र एवढेच लिहिले जाते की उपचार अनियमित. 2019 साली याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची शासनाला चौकशी करावी लागली. पाळीच्या दिवसांतही खाडा नको, ही धास्ती त्या शस्त्रक्रियांमागच्या कारणांपैकी एक होती. बाईचे काम आणि तिच्यावरचे कर्ज न पाहता नुसते तिचे पोट पाहिले की वैद्यक कुठवर जाते, याचे याहून कठोर उदाहरण मला माहीत नाही.

पेशंट काय खातो, काय कमावतो हे विचारणे ही दया नाही, तो निदानाचा भाग आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना काही महिने तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन पाहिल्या. या प्रयोगाचे निष्कर्ष 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी घटले होते. तांदूळ-डाळीने एवढे साधले. सरकारही क्षयरोग्याला आहारासाठी 2018 पासून महिना 500 रुपये देत होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 देते. पोट आणि फुप्फुस यांचे नाते शासनाने मान्य केले आहे, वॉर्डातल्या हिस्ट्रीत ते अजून उतरलेले नाही. हा विचार नवा नाही. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशॉ अवघा 26 वर्षांचा असताना, 1848 साली, प्रशियाच्या सरकारने त्याला टायफसची साथ पाहायला अप्पर सिलेशियात पाठवले. त्याने अहवालात औषधांबरोबर शिक्षण, रोजगार आणि लोकशाही मागितली. आजच्या इंटर्नपेक्षा तो वयाने फार मोठा नव्हता.

पेशंटचे जगणे पाहायला शिकवण्याची वाट आपल्याकडेही आहे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथली प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, मुले त्या गावात मुक्कामाला राहतात. चूल कशावर पेटते, पाणी कुठून येते, कोण कुणाकडे मजुरीला जाते हे त्यांना डोळ्यांनी दिसते. आता देशभरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना काही कुटुंबे नेमून देण्याचा कार्यक्रम आला आहे. तो लॉगबुक भरण्यापुरता उरला, तर मुले गरिबांच्या घरातूनही काही न पाहता परत येतील.

माझे मागणे वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांकडे आहे. विद्यार्थी केस मांडताना ‘गोळ्या बंद केल्या’ इथे थांबला तर त्याला पुढे ढकला. का बंद केल्या, इथे यायला किती मजुरी बुडाली, घरात किती जण जेवतात, हे त्याला विचारायला लावा आणि परीक्षेत त्याचे गुण द्या. तपासण्याआधी पडदा ओढायला सांगा, पेशंटची परवानगी घ्यायला सांगा, पेशंटला अहो म्हणायला सांगा. आधी तुम्ही म्हणा. यासाठी मंत्रालयातून परिपत्रक निघावे लागत नाही, उद्या सकाळच्या राउंडपासून सुरुवात करता येईल.