वीस बाटांचा प्रश्न

घासाघीस करणं हा गुण की अवगुण, हा प्रश्न मला मंडईत कधी पडला नाही. तिथे तो विषय आमच्या हिच्या अखत्यारीतला आणि माझ्याकडे फक्त पिशवी धरण्याचं खातं. हा प्रश्न पडायला मला थायलंडातल्या चिआंग मायपर्यंत जावं लागलं.

हे 1296 साली वसलेलं जुनं गाव. दर रविवारी संध्याकाळी था फे वेशीपासून आत जाणारा रस्ता गाड्यांना बंद करतात आणि मग तिथे जत्राच भरते. लाखेच्या डब्या, कागदी छत्र्या, हत्ती छापलेले पायजमे. वाटेतल्या देवळांच्या आवारात खाण्याच्या गाड्या. बुद्धाच्या दारात डुकराचं मांस भाजताना पाहून हिने नाकाला रुमाल लावला. पण नारळाच्या दुधातला चिकट भात आणि वर आंब्याच्या फोडी दिसताच तो खाली आला. "हापूस नाही," असा निकाल देऊन तिने बशी चाटूनपुसून संपवली.

नंतर एका म्हातारीच्या पथारीवर हिला भरतकामाची झोळी दिसली. तिकडे भाव तोंडी सांगत नाहीत. विक्रेता कॅल्क्युलेटरवर आकडा मारून तो तुमच्या हातात देतो, तुम्ही आपला आकडा मारून परत द्यायचा. म्हातारीने 250 दाखवले. हिने 150 केले. शिवाय हॉटेलातल्या मुलीकडून पाठ करून घेतलेलं "लोट दाय माय?" म्हणजे 'कमी होईल का?' हेही झालं. शेवटचं 'माय' हिने इतक्या कळवळून म्हटलं, की मंडईतल्या भाजीवालीलाही पाझर फुटला असता. 200 आणि 180 वर गाडी अडली.

तेवढ्यात कर्ण्यावरून गाणं सुरू झालं आणि अख्खा बाजार जागच्या जागी थिजला. संध्याकाळचे सहा. थायलंडात रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं आणि सगळे उभे राहतात. म्हातारी उठून उभी, हातात कॅल्क्युलेटर, त्यावर आमचे 180. आम्हीही सावधान.

शांत उभं राहायला लागलं की माणसाला नको ते विचार सुचतात. एका बाटाला दोन-अडीच रुपये, म्हणजे भांडण पन्नासेक रुपयांचं. म्हातारीच्या बोटांना सुईचे घट्टे. मला आपली लाज वाटू लागली. गीत संपलं की 200 देऊन मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं.

गीत संपलं. मी खिशात हात घालायच्या आत म्हातारीनेच हसून 180 ला मान डोलावली. नोटा घेतल्या आणि पथारीवरच्या एकेका झोळीला त्या टेकवत सुटली. मी बघतच राहिलो. ही मात्र लगेच म्हणाली, "अहो, भवानी! आपण पहिलं गिऱ्हाईक!"

रात्री पिंग नदीकाठच्या एका गाण्याबजावण्याच्या ठिकाणी बसलो. एका पेल्याचे 220. त्यावर दहा टक्के सेवेचे, त्यावर सात टक्के सरकारचे. मी चकार शब्द काढला नाही. छापील आकड्यापुढे आपली पिढी नतमस्तक होते. वर गिटारवाल्याच्या डब्यात 20 बाट टाकले.

"हे त्या म्हातारीचे," मी म्हणालो.

"मग तिला का नाही दिलेत?"

"तू भाव करत होतीस."

"मी तिच्याशी बोलत तरी होते," ही म्हणाली. "झोळी उलटी करून टाके पाहिले, ते तिला आवडलं. न विचारता पैसे टाकून गेला असतात तर तिला काय वाटलं असतं? भीक?"

मला हे पटलं. अडचण एवढीच, की पटणं माझ्या फायद्याचं होतं, आणि फायद्याचं पटलेलं कितपत खरं मानावं? म्हातारी बोलण्याने खूष झाली, की सहा वाजून गेले तरी भवानी झाली नव्हती म्हणून नमली? त्या नोटा टेकवताना ती हसत होती हे खरं. पण हसून तोटा सोसणारी माणसं मी आमच्या घरातही पाहिली आहेत. माझी आई तशीच होती.

पुण्याला परतल्यावर शेजारच्या वहिनींनी झोळी उलटीसुलटी करून विचारलं, "कितीला?"

"एकशेऐंशी बाट," ही म्हणाली.

"फसवलं हो तुम्हाला! आमच्या जावयांनी अशीच शंभरला आणली."

हिचा चेहरा पडला. मला मात्र, का कोण जाणे, त्या रात्री छान झोप लागली.