विद्यार्थ्याचे अन्न



कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही गावोगाव हिंडतो. हल्ली पुष्कळ घरी एक वाक्य ऐकू येते, "महाराज, पोरगं पुण्याला असतं, परीक्षेचा अभ्यास करतंय." सांगताना बापाचा ऊर भरून येतो. पण पोरगं दोन्ही वेळा जेवतं का, असे विचारले की तो क्षणभर गप्प होतो. क्लासची फी, खोलीचे भाडे सारे तोंडपाठ. जेवणाचे मात्र "मेस लावलीय" एवढेच ठाऊक.

तिकडची रीत कशी, ते ऐका. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत एकेका खोलीत चार-चार, सहा-सहा मुले राहतात. भाड्याने खोली नव्हे, खाट घ्यायची. तिला 'कॉट बेसिस' म्हणतात. खाटेचे भाडे ठरलेले, डिपॉझिट ठरलेले, अभ्यासिकेतल्या खुर्चीचे पैसे ठरलेले. त्यांत कवडी कमी होत नाही. महिनाअखेर ओढाताण झाली की कात्री लागते ती पोटाला. दोन वेळची मेस एक वेळची होते, आणि रात्र चहा-बिस्किटांवर निघते. आई फोनवर विचारते, "जेवलास का रे?" तो म्हणतो, "हो." हे 'हो' पुष्कळदा खोटे असते, बरं का!

कोणी म्हणेल, महाराज, कष्टावाचून विद्या आली आहे काय? थोडे उपाशी राहिले तर बिघडले कुठे? या शंकेचे समाधान आम्ही करीत नाही, छांदोग्य उपनिषद करते. सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवे तितके पी. श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही राहून सर्व वेद शिकून आलेला, थोडा ताठाही चढलेला. पंधरा दिवसांनी तो बापापुढे आला. बाप म्हणाला, ऋचा म्हण, यजू म्हण, सामे म्हण. पोराला एकही आठवेना! बारा वर्षांची विद्या, पण पोटात अन्न नाही तर ओठांवर अक्षर नाही. मग उद्दालक त्याला समजावतो की मोठ्या पेटलेल्या अग्नीतून काजव्याएवढा एकच निखारा उरावा, तसे तुझे झाले आहे. जा, जेवून ये. तो जेवला, आणि विचाराल ते सांगू लागला. मन अन्नमय आहे, हे बापाने व्याख्यान देऊन नव्हे, पोराच्या पोटावरून शिकविले. आता सांगा, जो मुलगा सहा महिने अर्धपोटी आहे, त्याने अभ्यासिकेत बारा तास बसून काय साठवावे? आणि निकाल लागला नाही की आपण त्यालाच म्हणतो, तुझे लक्ष नव्हते!

त्याच उपनिषदात उपकोसल नावाचा दुसरा विद्यार्थी आहे. गुरूने विद्या न देताच तो परगावी गेला, म्हणून दुःखाने याने अन्न सोडले. तेव्हा गुरुपत्नी त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, बाळ, जेव. का जेवत नाहीस? आमच्या मते या कथेत पहिली दया त्या माउलीची. शहरात अन्न विकत देणारे गल्लोगल्ली आहेत. का जेवला नाहीस, असे विचारणारे दार सापडत नाही.

पूर्वी अशी दारे होती. मधमाशी फुलाफुलातून थोडे थोडे घेते, तशी घरोघरची भाकरी ती माधुकरी. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथली मुले झोळी घेऊन माधुकरी मागत शिकली. आळंदीत आम्हीही झोळी घेतली आहे. लाज कधी वाटली नाही, कारण सारेच मागत होते.

पण खरे तेही बोलले पाहिजे. पुण्यातली जुनी माधुकरी आणि वार लावून जेवण्याची सोय ही मुख्यतः ब्राह्मणांच्या मुलांची. कुणब्याच्या, धनगराच्या पोराने कोणत्या दारी जावे? ज्याला अस्पृश्य म्हटले त्याने तर दाराकडे पाहावयाचेही नाही. ही उणीव ज्यांनी भरून काढली त्यांना आम्ही अन्नपूर्णेचे सेवक म्हणू. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. तिथे धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली, ती खेड्यातून आलेल्या गरीब मुलांसाठीच.

सरकारही देते, नाही असे नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. पुण्या-मुंबईसाठी तेव्हा भोजनास वर्षाला ३२,००० आणि निवासास २०,००० रुपये ठरले. हिशेब करा: जेवणाला दिवसाचे ८८, राहण्याला महिन्याचे १,६६६. एवढ्यात पुण्यात खाट मिळते का, ते ज्यांची मुले तिथे आहेत त्यांनीच सांगावे. आणि हप्ता हाती पडेपर्यंत मेसवाला थांबत नाही. त्यालाही घर आहे.

पुणेकर माउलींना आमची एक विनवणी आहे. ज्ञानोबारायांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबारायांची नाना पेठेत मुक्कामी असते, तेव्हा तुम्ही अनोळखी वारकऱ्याला हात धरून घरी नेता, पाय चेपता, ऊन ऊन वाढता. त्याची जात विचारीत नाही, गाव विचारता ते प्रेमाने. तुमच्याच जिन्याखालच्या खोलीत राहणारे पोर दोन-तीन वर्षे मुक्कामाला आहे. आठवड्यातून एक वार त्याला द्या. उपकार म्हणून नको, पंगत म्हणून वाढा. मानी पोर उपकाराला येणार नाही.

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही ऐका. आईला खोटे 'हो' सांगू नका. भूक लपविणे ही तपश्चर्या नव्हे. अडचण असेल तर खोलीतल्या मित्राला तरी सांगा, म्हणजे दोघांत एक डबा फिरेल.

आणि गावोगावच्या भजनी मंडळांनो, सप्ताह झाला की कोठीत ज्वारी, गहू, तूरडाळ उरते. पुढच्या वर्षापर्यंत तिला पोरकिडे लागतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. आपल्या तालुक्याची किती पोरे पुण्यात आहेत आणि ती कोणत्या मेसला जेवतात, याची यादी करा. मेसवाल्याला धान्य दिले तर तो तितक्या मुलांच्या पैशांत सूट देईल काय, हे आधी विचारून घ्या. भाजीचा टेम्पो रोज मार्केट यार्डाला जातोच. पोती कोणाच्या गाडीतून धाडायची, ते येत्या एकादशीला मंडळाने बसून ठरवावे.