खोड की भूक?



घरात मांजराचे नवे पिलू आणले की पहिल्या काही दिवसांत एक गोष्ट अनेकांच्या नजरेस येते. पोटभर दूध पिऊन ते वाकळीवर किंवा घोंगडीवर येते, डोळे अर्धवट मिटते, पुढच्या पंजांनी कापड तुडवते आणि त्याचा कोपरा तोंडात घेऊन चोखू लागते. कापड ओले होते, कधी दोरेही निघतात. मग कोणी पिलाला चापट मारते, तर कोणी म्हणते, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून आपल्याकडे पुष्कळ घरांत मांजर आणतात. तेव्हा या लहानशा गोष्टीच्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नाचा विचार करू या : जी सवय उणिवेतून जन्मली, तिला दोष म्हणावे काय?

पिलाचे अंगावरचे दूध साधारण चौथ्या आठवड्यापासून हळूहळू सुटू लागते. तरी निदान आठ आठवडे त्याला आईजवळ ठेवावे, असे पशुवैद्य सांगतात. आईपासून लवकर तोडलेल्या पिलांत ही सवय अधिक आढळते. आईच्या पोटावर पंजे दाबून दूध ओढण्याचीच ती हालचाल असते. पिलाच्या लेखी ती घोंगडी म्हणजे आई.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ साली माकडांच्या पिलांवरील आपले प्रयोग मांडले. आईपासून दूर केलेल्या पिलांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या होत्या, एक नुसत्या तारेची आणि दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिले बहुतेक वेळ कापडाच्या आईलाच बिलगून राहत. हे प्रयोग क्रूर होते, असा आक्षेप योग्यच आहे. पण जिवाची भूक पोटापुरती नसते, हे त्यांतून जगाला कळले.

कृतीला दोष म्हणायचे तर तिच्यामागे जाणीव आणि इच्छा हवी, असे संत थॉमस अक्विनास शिकवतात. पिलाजवळ विवेक नाही. म्हणून त्याला मारले तर ती शिक्षा ठरत नाही, तो केवळ आपला राग असतो. शिवाय भेदरलेले पिलू आधार शोधायला पुन्हा कापडाकडेच जाते.

मग काहीच करू नये काय? तसे नाही. दोरा किंवा लोकरीचा तुकडा गिळला गेला तर तो आतड्यात अडकून पिलाचा जीव जाऊ शकतो. पिलू नुसते चोखत असेल तर दोरे न सुटणारे एखादे जुने फडके त्याला द्यावे. कुरतडून गिळत असेल तर कापड उचलून ठेवावे, त्याच्याशी खेळावे, थोडे थोडे खायला द्यावे आणि गुरांच्या दवाखान्यात दाखवावे. कारण समजून घेणे आणि अपायापासून राखणे, ही दोन्ही प्रेमाचीच कामे आहेत.

आता माणसांकडे पाहू. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून कुटुंबे ऊसतोडीला जातात. आजीजवळ मागे राहिलेले एखादे मूल अंगठा चोखते, आईच्या जुन्या लुगड्याशिवाय झोपत नाही. आपण त्याच्या अंगठ्याला कडुनिंब लावतो, चारचौघांत त्याला हसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने सास्तूर, होळी ही गावे उद्ध्वस्त केली. त्यानंतर कित्येकांना छताखाली झोप येईना. त्यांना भित्रे म्हणणे किती सोपे होते! त्या भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ संस्था उभारली, तिचे नाव 'आपलं घर'. मुलांचे काय हरवले होते ते या दोन शब्दांनी नेमके ओळखले.

कोणी विचारील, माणूस म्हणजे मांजर आहे काय? प्रश्न रास्त आहे. माणसाला विवेक आहे. भीती आणि सवय यांमुळे कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते, हे ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण मान्य करते. पण लहानपणी प्रेम मिळाले नाही म्हणून दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याचे दुःख खरे असले, तरी त्या बाईच्या अंगावरचे वळ त्याने पुसले जात नाहीत. त्याला आधार द्यावा, पण त्याचा हात आधी धरावा. ज्या सवयीने कोणाचेच नुकसान होत नाही, तिला मात्र वेळ द्यावा.

म्हणून येत्या आठवड्यात घरातल्या कोणाची खोड आपल्याला खुपली, तर रागावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारू या : हिच्यामागे कोणती भूक आहे? आणि हिच्यामुळे कोणाला इजा होते आहे? पहिल्याचे उत्तर आपल्याला दया शिकवील, दुसऱ्याचे उत्तर मर्यादा शिकवील.