गाणगापूरची आरती आणि बल्लारीची गोळी

कर्नाटकात अफझलपूर तालुक्यातल्या गाणगापूरला निर्गुण पादुकांची आरती सुरू झाली की घंटा-नगाऱ्यांच्या वरताण किंकाळ्या उठतात. कुणी खांबाला मिठी मारून घुमतं, कुणी थेट दत्तमहाराजांनाच शिव्या घालतं. आरती संपते. बरोबर आलेली जाऊ घुमणाऱ्या बाईचा पदर सारखा करते, तोंडावरून पाण्याचा हात फिरवते आणि दोघी प्रसादाला जातात. भालकी, औराद, बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेपलीकडून सोलापूर-लातूर, सगळीकडची मराठी माणसं इथं येत आली आहेत. विचारलं तर एवढंच सांगतात, ‘बाहेरचं आहे.’

ही अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. ज्या सुनेला घरात आवाज चढवायची सोय नाही, तिला इथं चारचौघांत ओरडता येतं आणि त्याचा दोष तिच्या माथी येत नाही. ओरडणारं ‘ते’ असतं, ती नव्हे. शिवाय इथं दिवसाला एक शिस्त असते. पहाटे भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, दुपारी माधुकरी, गुरुचरित्राचा सप्ताह, सोबतीला घरचं कुणीतरी. रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागणाऱ्या माणसाला ठरल्या वेळेचा दिवस आणि हक्काचं माणूस मिळणं, हा उपचाराचाच भाग आहे.

गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात गोदाकाठी पोटशूळाने गांजलेला एक ब्राह्मण जीव द्यायला निघतो. अन्न पोटात ठरत नाही, जगणं नकोसं झालेलं. श्रीगुरू नृसिंह सरस्वती त्याला थांबवतात, बोलावून घेतात, दुःख काय ते विचारतात. मग सायंदेव नावाच्या गृहस्थावर त्याच्या जेवणाची जबाबदारी सोपवतात. चमत्कार पुढे आहेच, आणि पारायणात तोच लक्षात राहतो. मला त्याआधीचा क्रम मोलाचा वाटतो: मरायला निघालेल्याला उपदेश नाही, आधी विचारपूस, आणि मग त्याला एका घराच्या हवाली करणं.

पण ज्याला कानात आवाज ऐकू येतात, जो महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नाही, त्याला आरतीवर सोडून देणं घातक आहे. एकेक वारी, एकेक नवस करता करता वर्षं जातात आणि आजार मुरतो. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत 28 मनोरुग्ण होरपळून मेले, कारण ते साखळदंडांनी बांधलेले होते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्याला मनाई केली. एरवाडीतल्या त्या साखळ्या दर्ग्याच्या आसऱ्याला बरं व्हायला आणलेल्यांच्या पायांत होत्या, हे विसरता कामा नये.

दुसरा मार्ग आपल्याच मुलखातून निघाला आहे. ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या साध्या डॉक्टरांना मनाच्या आजारांवरची औषधं द्यायला शिकवलं. त्याच धर्तीवर 1996 मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. तरीही निम्हान्सच्याच 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मनोविकारांत शंभरातले सत्तरहून अधिक रुग्ण उपचारावाचून होते. सीमाभागात त्यात भाषेची भर पडते. व्यवहारापुरती कानडी किंवा दखनी येणाऱ्या माणसाला ताप आला हे सांगता येतं. ‘जिवाची घालमेल होते’, ‘काळजात चर्र होतं’ हे तो सांगणार कसं? ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पण तो आकडा औरादच्या एसटी स्टँडवर मराठीत लिहिलेला असायला हवा.

गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ एकत्र नांदवून पाहिली गेली: मुजावरच माणसाला आवारातल्या डॉक्टरकडे धाडू लागले. गाणगापुरात हे का होऊ नये? पौर्णिमेला गर्दी लोटते, त्या दिवशी मराठी समजणारा एक डॉक्टर आणि एक नर्स तिथं बसवणं शासनाला अवघड नाही. पुजाऱ्याने एवढंच म्हणावं, ‘प्रसाद घे आणि त्यांनाही भेटून जा.’ डॉक्टरांकडूनही अपेक्षा आहे. समोरच्या बाईला ‘गाणगापूरला जाता का?’ हे कपाळाला आठी न घालता विचारावं. हेटाळणीच्या धास्तीने घरचे वारी लपवतात, आणि वारीपायी बंद केलेली गोळीही त्याबरोबर लपवली जाते.